चाळणीतले दिवस

माझ्या धाकट्या भावाचे डायलिसिस चार वर्षे चालले. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, तो आत यंत्राला जोडलेला असे आणि मी बाहेरच्या बाकावर बसलेली असे. पहिल्या वर्षी माझ्या पिशवीत बायबल असे आणि त्या चार तासांत मी एकेका वचनाचा आधार घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करीत असे. दुसऱ्या वर्षी बायबल पिशवीतून बाहेर निघेनासे झाले. तिसऱ्या वर्षी ते घरीच राहू लागले. हा बदल नेमका कोणत्या दिवशी झाला हे मला सांगता येणार नाही, कारण तसा दिवस आलाच नाही. विश्वास एखाद्या आघाताने कडाडून मोडतो असे आपण पुष्कळदा ऐकतो. माझा विश्वास मोडला नाही, तो वाळत गेला. आणि वाळणाऱ्या झाडाकडे रोज पाहणाऱ्याला ते वाळते आहे हे सर्वांत उशिरा कळते.

बाहेरून मात्र सगळे पूर्वीसारखेच चालू होते. महिन्यातल्या एका रविवारी उपासनेत शास्त्रवाचनाची पाळी माझ्याकडे असे आणि ती मी एकदाही चुकवली नाही. विश्वासांगीकार म्हणताना माझे ओठ हलत, प्रभुभोजनाच्या वेळी मी गुडघे टेकत असे, आणि घरी परतताना आपण ढोंग करीत आहोत हा एकच विचार मनात घोळत असे. देव नाही असे मला एकदाही वाटले नाही. तो आहे, त्याला ऐकू येते आहे, आणि तरीही तो काही बोलत नाही, असे वाटत होते. नास्तिक माणसाला निदान कोणाच्या गप्प बसण्याचे दुःख होत नाही.

अशा एका रविवारी माझ्या वाट्याला ८८ वे स्तोत्र आले. ते मी यापूर्वी कधी मोठ्याने वाचले नव्हते. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेक शेवटाकडे वळण घेतात; तक्रारीने सुरू झालेला आवाज कुठेतरी स्तुतीकडे झुकतो. १३ वे स्तोत्र 'परमेश्वरा, कोठवर?' असे विचारत सुरू होते आणि सहाव्या वचनात गायनाशी येऊन थांबते. ८८ वे स्तोत्र असे कुठेच वळत नाही. रात्रंदिवस आक्रोश करणारा तो माणूस मृतांत गणला गेला आहे, मित्र त्याच्यापासून दूर नेले गेले आहेत, आणि मूळ इब्री स्तोत्राचा अगदी शेवटचा शब्द 'अंधार' हा आहे. वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटले तेव्हा माझे हात थरथरत होते. दोन वर्षांत मी देवाच्या घरात उच्चारलेले, मला खरे वाटलेले, ते पहिले शब्द होते.

पुढे त्या स्तोत्राजवळ मी पुष्कळ दिवस राहिले. हळूहळू लक्षात आले की त्यात आशेची एकच ओळ आहे आणि ती पहिलीच आहे: ज्याला हाक मारली आहे त्याला तो माणूस आपला उद्धारक म्हणतो. त्यानंतर तो जे काही म्हणतो ते देवाविरुद्ध आहे, पण देवाला उद्देशूनच आहे. तो देवाविषयी लोकांशी बोलत नाही, देवाविषयी देवाशीच बोलतो. आणि ज्यांनी पवित्र शास्त्राचे हे ग्रंथ जपले, त्यांनी हे स्तोत्र वगळले नाही, त्याला शेवटी दिलाशाचे एखादे कडवे जोडले नाही. उपासनेत गायच्या गीतांमध्ये त्याला जागा दिली. अंधारात बोललेल्या माणसासाठी देवाच्या लोकांनी आपल्या गायनात जागा राखून ठेवली, ही गोष्ट मला आजही कोणत्याही प्रवचनापेक्षा मोठी वाटते.

नव्या करारात आपण ज्याला 'धीर' किंवा 'सहनशीलता' म्हणतो त्यासाठी मूळ ग्रीक शब्द 'हुपोमोने' असा आहे. 'हुपो' म्हणजे खाली आणि 'मोने' हे राहण्याच्या क्रियापदावरून आलेले: खाली राहणे, ओझ्याखालून निसटून न जाणे. या शब्दात वीरश्री नाही, हसतमुखाने सोसणेही नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हा शब्द ईयोबासाठी, जुन्या करारातल्या मुले, मालमत्ता आणि आरोग्य गमावलेल्या त्या माणसासाठी, वापरला आहे, आणि 'ईयोबाचा धीर' हा शब्दप्रयोग आपण तेव्हापासून इतक्या सहजपणे वापरत आलो आहोत की तो ईयोब प्रत्यक्षात कसा होता हे विसरून जातो. पहिल्या दोन अध्यायांतला ईयोब शांतपणे सारे स्वीकारतो हे खरे. परंतु तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढचे कितीतरी अध्याय देवाला न्यायासनासमोर उभे करू पाहतो. देवाची बाजू मांडणारे त्याचे मित्र होते. ते आल्यावर सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसले, आणि त्यांच्या हातून घडलेली उत्तम गोष्ट तीच होती. बोलू लागले तेव्हा त्यांनी बिघडवले. आणि शेवटी देव काय म्हणतो? माझ्या सेवक ईयोबाने माझ्याविषयी जसे यथार्थ भाषण केले तसे तुम्ही केले नाही, असे तो त्या मित्रांना सांगतो. म्हणजे पवित्र शास्त्राच्या लेखी धीर धरलेला माणूस ओरडलेला, भांडलेला, थकलेला असू शकतो. तो उठून निघून गेला नाही, एवढे पुरे ठरले.

हे समजले तरी मला त्याने फार दिलासा मिळाला नाही, कारण मी निघून गेले आहे की नाही हेच मला कळत नव्हते.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली ती प्रसिद्ध साखळी मला त्या दिवसांत अनेकांनी ऐकवली: संकटाने धीर निर्माण होतो, धीराने शील, शीलाने आशा. ऐकवणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण मी प्रतीक्षागृहात पाहत होते ते निराळे होते. तिथे बसणाऱ्यांपैकी काही जण दुःखाने मृदू झाले होते, काही कडवट, आणि बरेचसे नुसते थकले होते. दुःख आपल्या अंगच्या गुणाने कोणालाही चांगले करीत नाही, हे मी तिथे शिकले. त्याच्या अंगी तसा गुण असता तर जगातली सर्वाधिक पीडलेली माणसे सर्वांत आशावंत असती. ते पत्र लिहिणाऱ्या पौलालाही हे ठाऊक असावे. साखळी सुरू होण्यापूर्वी, दुसऱ्याच वचनात, तो म्हणतो की ज्या कृपेत आपण उभे आहोत तिच्यात आपला प्रवेश ख्रिस्ताद्वारे झाला आहे. संकटाचा उल्लेख त्यानंतर येतो. माती आधी, पाऊस मग. तोच पाऊस खडकावर पडला तर वाहून जातो. दुःखात असलेल्या माणसाला ही साखळी ऐकवताना आपण दुसरे वचन गाळतो आणि सगळा भार त्याच्या सोसण्यावर टाकतो. हे फार निर्दयपणाचे आहे असे माझे मत झाले आहे.

ज्याने ती साखळी लिहिली त्याने स्वतःविषयी काय लिहिले आहे तेही पाहावे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो आपल्या दुःखांची मोजदाद देतो: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा तारू फुटले. पण त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो कबूल करतो की आशियात आम्ही आमच्या शक्तीपलीकडे इतके दडपले गेलो की जगण्याचीही आशा सोडली. हा प्रेषित आहे आणि आशा सुटल्याचे तो ख्रिस्ती मंडळीला लिहून कळवतो आहे. शरीरातला काटा, म्हणजे त्याला जडलेली एक पीडा, काढून टाकावा म्हणून त्याने देवाला तीन वेळा विनंती केली आणि काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढे उत्तर मिळाले. हे उत्तर वाचून मी एकेकाळी चिडले होते. 'पुरे' हा शब्द मला कंजूष वाटला होता. ज्याच्याकडे सगळे आहे त्याने पुरेल एवढेच का द्यावे?

त्या शब्दाचा अर्थ मला भावाकडून कळला. एकदा सुया टोचण्यापूर्वी मी त्याला विचारले की तू अजून प्रार्थना करतोस का. तो म्हणाला, "करतो ना, ताई. हे चार तास निभू देत, एवढंच मागतो. परवाचं परवा मागेन." मी मात्र पुढच्या वर्षाचे, त्याच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याचे बळ एकदम मागत होते, आणि ते मिळाले नाही म्हणून देव गप्प आहे असे म्हणत होते. बायबलमधल्या निर्गम या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात देवाने इस्राएल लोकांना अरण्यात दिलेले अन्न, मान्ना, रोज सकाळी वेचायचे होते, माणशी एक ओमर एवढ्या ठरलेल्या मापाने. कोणी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला तर त्यात किडे पडत आणि त्याला दुर्गंधी येई. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी वेचलेला दुप्पट मान्ना टिकत असे. चाळीस वर्षे हे लोक उद्याच्या अन्नाविना झोपी गेले आणि चाळीस वर्षे सकाळी त्यांना अन्न मिळाले. 'पुरे' या शब्दाला हे माप आहे.

एलीयाची गोष्टही याच मापाची आहे. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा संदेष्टा लगेच पुढच्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' असे म्हणतो. देवाचा दूत त्याला दोष देत नाही, काल तर तू केवढा विश्वास दाखवलास असे सुनावत नाही. त्याला झोपू देतो, उठवून भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो, आणि कारण सांगतो: वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. आपल्या मंडळ्यांत खचलेल्या माणसाला आधी उपदेश मिळतो आणि मग, वेळ उरला तर, विश्रांती.

या सगळ्यांत मला ज्याने खरोखर धरून ठेवले ते मात्र लूकच्या शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायातले दोन वचनांचे एक बोलणे आहे. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू आपला शिष्य पेत्र, म्हणजेच शिमोन, याला म्हणतो की शिमोना, शिमोना, सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळावे म्हणून मागणी केली आहे. परंतु तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आधी 'तुम्हांला' आणि मग 'तुझा'. मूळ ग्रीकमध्ये हा फरक आहे आणि सुदैवाने आपल्या भाषेतही तो स्वच्छ दिसतो. चाळणी सगळ्या शिष्यांसाठी आहे. विनंती नाव घेऊन एकासाठी, आणि ज्याचे नाव घेतले आहे तो सर्वांत वाईट पडणार आहे. काही तासांत तो अंगणातल्या शेकोटीजवळ आपण येशूला ओळखत नाही असे तीन वेळा म्हणणार आहे आणि हे येशूला ठाऊक आहे. तरी तो चाळणी काढून घेण्याची विनंती करीत नाही. पेत्राचे पाऊल घसरू नये अशीही विनंती करीत नाही. मागणे एकच आहे: विश्वास ढळू नये. आणि लगेच पुढे, 'तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर.' 'वळलास तर' असे तो म्हणत नाही.

आपण 'ढळणे' असे ज्याचे भाषांतर करतो ते ग्रीक क्रियापद संपून जाणे, नाहीसे होणे या अर्थाचे आहे. पाश्चात्त्य भाषांत ग्रहणाला जो शब्द आहे तो याच क्रियापदापासून आला. लूक पुढच्याच अध्यायात ते पुन्हा वापरतो: येशू वधस्तंभावर असताना भर दुपारी देशभर अंधार पडला, तेव्हा सूर्याचा प्रकाश सरला असे प्राचीन हस्तलिखितांत आहे आणि तिथे हेच क्रियापद आहे. मला हे प्रथम कळले तेव्हा मी प्रतीक्षागृहातच होते आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. पेत्राचा प्रकाश सरू नये म्हणून ज्याने मागितले, त्याच्या स्वतःच्या माथ्यावरचा सूर्य दुसऱ्या दिवशी सरला. त्या काळोखातून आलेली 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ही हाक २२ व्या स्तोत्रातली आहे. देवाच्या पुत्राने आपला त्यागही देवालाच सांगितला. माझ्या कोरड्या दोन वर्षांत मी जिथे बसले होते त्याहून खाली तो बसलेला होता, आणि तिथून त्याने केलेली विनंती माझ्या पडण्याच्या आधीची होती. माझ्या प्रार्थना थांबल्या होत्या. त्याची थांबली नव्हती. इब्री लोकांस पत्र सांगते की तो मध्यस्थी करण्यास सर्वदा जिवंत आहे. हे वाक्य मी लहानपणापासून पाठ म्हणत होते, पण माझ्यासाठी कोणीतरी बोलत असल्याची गरज मला तोवर कधी पडलीच नव्हती.

टिकून राहणे हे देवाचे दान आहे, ही गोष्ट उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने आयुष्याच्या अगदी अखेरच्या वर्षांत फार आग्रहाने मांडली. त्याचा युक्तिवाद मला आवडतो, कारण तो प्रभूच्या प्रार्थनेवर, येशूने शिकवलेल्या प्रार्थनेवर, उभा आहे. कार्थेजचा तिसऱ्या शतकातला बिशप सिप्रियन याच्या आधाराने तो दाखवतो की त्या प्रार्थनेतली जवळजवळ प्रत्येक मागणी टिकून राहण्याचीच मागणी आहे. 'तुझे नाव पवित्र मानले जावो' असे आपण म्हणतो; देवाचे नाव तर पवित्र आहेच, तेव्हा बाप्तिस्म्यात जे पवित्र झाले ते आम्ही तसेच राहावे, हे मागणे आहे. आणि जे आपण देवापाशी मागतो ते आपल्या स्वतःच्या बळाचे कसे म्हणता येईल? हे लिहिणारा माणूस सुखात नव्हता. ४३० साली वांडाल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातलेला असताना तो तापाने अंथरुणाला खिळला. त्याचा सहकारी आणि चरित्रकार पोसिडियस सांगतो की त्याने पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन समोरच्या भिंतीवर लावायला सांगितली, आणि अंथरुणावरून ती वाचत तो अश्रू ढाळत असे. वैद्य येण्याच्या आणि अन्न आणण्याच्या वेळा सोडून कोणी आत येऊ नये असे त्याने सांगून ठेवले होते. २८ ऑगस्ट रोजी तो गेला. पाऊणशे वर्षांचा, अवघ्या पश्चिमेच्या मंडळीला शिकवलेला हा माणूस शेवटच्या दिवसांत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रार्थना भिंतीवरून वाचत होता. मीही त्या काळात स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करू शकत नव्हते, आणि उसन्या शब्दांची मला लाज वाटत होती. ती लाज त्या भिंतीने घालवली.

ज्या सिप्रियनचा त्याने आधार घेतला, त्याच्या काळात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. २५० साली सम्राट डेकियसच्या आज्ञेने रोमी साम्राज्यात सर्वांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायचा होता, आणि असंख्य ख्रिस्ती लोकांनी भीतीने बळी अर्पण केले किंवा पैसे देऊन दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ते रडत परत आले, आणि मंडळीपुढे प्रश्न उभा राहिला की यांना घ्यावे की नाही. एका पक्षाने दार कायमचे बंद ठेवावे म्हटले. मंडळीने पश्चात्तापाची वाट घातली आणि दार उघडे ठेवले. स्वतः सिप्रियन २५८ साली हुतात्मा झाला; न पडलेला माणूस पडलेल्यांसाठी वाट शोधत होता. इंग्लंडचा आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर याने कैदेत आपल्या विश्वासाचा त्याग करणाऱ्या कागदांवर एकामागून एक सह्या केल्या, आणि २१ मार्च १५५६ रोजी जाळण्यासाठी नेले तेव्हा ज्या हाताने सह्या केल्या तो उजवा हात आधी ज्वाळेत धरला. पेत्र काय, क्रॅन्मर काय, त्यांची शेवटची नोंद कोणत्या दिवसावर थांबवायची याचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता.

धर्मशास्त्री या ठिकाणी वाद घालतात हे मला माहीत आहे. १६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्ट येथे भरलेल्या प्रॉटेस्टंट धर्मसभेने शिकवले की ज्यांना देवाने खरोखर धरले ते शेवटपर्यंत राखले जातात. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली आणि त्याच्या परंपरेतल्या लोकांना माणूस कृपेपासून खरोखर पडू शकतो असे वाटते. मी या वादाचा निकाल लावणारी कोण! परंतु त्याच डॉर्टच्या लेखात मला अपेक्षा नव्हती अशी कोमल गोष्ट सापडली: विश्वासणारे गंभीर पापात पडू शकतात, काही काळ कृपेची जाणीव गमावू शकतात, आणि कठीण परीक्षेत त्यांना आपल्या विश्वासाची खात्री नेहमी वाटतेच असे नाही. खात्री वाटणे आणि राखले जाणे यांत तिथे फरक केला आहे. वेस्लीच्या अनुयायांनाही कृपेविना एक पाऊल टाकता येते असे कधी वाटले नाही.

मात्र एका माणसापुढे येऊन माझी ही सगळी मांडणी अडखळते, आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्रज कवी विल्यम कूपर १७३१ साली जन्मला. १७६३ मध्ये त्याने आपले जीवन संपवण्याचे प्रयत्न केले, त्याला मनोरुग्णांच्या आश्रमात ठेवले गेले, आणि तिथे १७६४ साली रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय वाचताना त्याला ख्रिस्ताची क्षमा गवसली. काही वर्षे तो आनंदात राहिला. पाळक जॉन न्यूटन याच्या सोबतीने त्याने उपासनेसाठी गीते लिहिली, जी आजही गायिली जातात. मग १७७३ च्या आरंभी त्याला एक स्वप्न पडले आणि त्यात आपला नाश ठरला आहे असे त्याने ऐकले. त्यानंतर तो पुन्हा उपासनेला गेला नाही. देवाची कृपा खरी आहे, परंतु ती आपल्यासाठी नाही, या समजुतीत तो आणखी सत्तावीस वर्षे जगला, आणि १८०० साली, आपल्याला कळते तेवढ्यावरून, त्याच समजुतीत गेला. त्याच्या अखेरच्या काळातली एक कविता जहाजावरून समुद्रात पडलेल्या, सोबत्यांना वाचवता न आलेल्या खलाशाविषयी आहे.

याला टिकून राहणे म्हणायचे का? त्याचे मन आजारी होते हे उघड आहे, आणि मनाच्या आजाराला विश्वासाचा अभाव म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. मधुमेहाच्या रुग्णाला आपण असे म्हणत नाही. अशा माणसाला डॉक्टरांकडे न नेता फक्त प्रार्थनेला बसवणे हे पाप आहे असे मी स्पष्टपणे म्हणेन. पण आजार म्हटल्याने प्रश्न मिटत नाही, कारण आजारी मनातूनही मनुष्याला देवासमोर उभे राहावे लागते. कूपरच्या बाबतीत मला दोन गोष्टी दिसतात. त्या स्वप्नानंतर न्यूटनने त्याला आपल्या घरी आणले, आणि जो माणूस प्रार्थना करू शकत नव्हता तो वर्षाहून अधिक काळ प्रार्थना करणाऱ्याच्या छपराखाली राहिला. आणि त्याच्या मृत्यूनंतर न्यूटनने प्रवचनासाठी निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायातले वचन निवडले: झुडूप जळत होते, पण भस्म होत नव्हते. कूपरला स्वतःला फक्त आग दिसत होती. झुडूप अजून उभे आहे हे बाहेरून, मित्राला दिसले. माझा प्रश्न इथे सुटत नाही, पण तो कुठे ठेवायचा ते मला कळते. आपण टिकलो आहोत की नाही हे आतून कळलेच पाहिजे असा काही नियम नाही.

मलाही ते बाहेरून कळवले गेले. आमच्या मंडळीत एक वृद्ध आजी होत्या. उपासनेनंतर त्या शेवटच्या बाकावर बसून राहत. एका रविवारी, वाचन झाल्यावर, मी त्यांच्याजवळ बसले आणि जे कोणाला सांगितले नव्हते ते सांगितले: मला आता प्रार्थना करता येत नाही, मी इथे येऊन नुसते नाटक करते. मला वाटले त्यांना धक्का बसेल. त्या म्हणाल्या, "बाळ, घर सोडलेलं माणूस जेवायच्या वेळी परत येत नाही. तू येतेस ना? मग येऊन बस. तुझ्या वाटचं मी मागते. भावाचं नाव सांग." मी नाव सांगितले. त्या दिवसापासून दर रविवारी त्या भावाची चौकशी करीत आणि माझ्या प्रार्थनेविषयी एक अक्षरही विचारीत नसत. मी सुधारले की नाही याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही.

चौथ्या वर्षाच्या अखेरीस भाऊ गेला. शेवटच्या आठवड्यात त्याने डायलिसिस थांबवायचे ठरवले. शरीराला ते पेलत नव्हते. त्या रात्री मी त्याच्याजवळ बसले आणि त्याने मला ८८ वे स्तोत्र वाचायला सांगितले, धीर देणारे प्रसिद्ध २३ वे नाही. माझ्या वाचनाच्या पाळीला तो हजर होता, हे मी विसरले होते. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "ह्या माणसाला पण घेतलंय आत." मग आम्ही दोघे बराच वेळ गप्प होतो. माझी प्रार्थना त्या रात्री एकदम परत आली असे मी म्हणणार नाही, कारण ती तशी आली नाही. ती आली तेव्हा पूर्वीसारखी नव्हती; तिच्यात शब्द कमी होते आणि मागण्याची मुदत चार तासांपेक्षा जास्त नव्हती. मी प्रार्थनेला बसले आणि काही सुचले नाही तर मी आता उठून जात नाही, कण्हते, आणि जो आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो असे पौलाने लिहिले त्याच्यावर ते सोपवते. भाऊ का बरा झाला नाही हे मला आजही कळलेले नाही. काटा निघाला नाही.

त्या आजींना आता स्मृतिभ्रंश झाला आहे. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाते. मी कोण आहे हे त्यांना ओळखता येत नाही, कधी मला त्या आपली बहीण समजतात. गेल्या वेळी मात्र माझा हात हातात घेऊन त्यांनी विचारले, "भाऊ कसा आहे गं?" माझे नाव गेले होते, पण ज्याच्यासाठी त्यांनी मागितले त्याची आठवण राहिली होती.

"प्रभूजवळ आहे, आजी," मी म्हटले.

त्यांनी मान हलवली. "मग आज तुझ्यासाठी मागू या," असे म्हणून त्यांनी डोळे मिटले, ओठ उघडले, आणि पुढचा शब्द त्यांना सापडेना. त्या थांबून राहिल्या, हात मात्र घट्ट धरलेलाच होता. मग मी सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या," आणि त्या माझ्यामागून एकेक शब्द म्हणू लागल्या.